मेडशीला ‘आगामी’ केव्हा पोहोचले? वऱ्हाडातील व्हिडीओ गेम आणि वाट पाहण्याचा इतिहास

५ डिसेंबर २०२३. भारतात पहाटेचे पाच वाजण्याच्या सुमारास ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ या व्हिडीओ गेमची दीड मिनिटाची पहिली झलक प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. अमेरिकेतील प्रेक्षकाला ती झलक ज्या क्षणी दिसली, त्याच क्षणी वाशीम जिल्ह्यातील मेडशी गावीही, हाती फोन आणि फोनला रेंज असेल तर, दिसू शकत होती.

खेळ मात्र विकत घेण्याजोगा झालेला नव्हता. त्यासाठी आधी २०२५ हे साल सांगण्यात आले, मग २६ मे २०२६ ही तारीख, मग १९ नोव्हेंबर २०२६. हाती न आलेल्या खेळाविषयी महिनोन्महिने बोलणे, झलकेतील एकेक दृश्य थांबवून निरखणे, तारीख पुढे गेली की कंपनीवर रुसणे, हा आजच्या गेमिंग संस्कृतीचा अर्धाअधिक व्यवहार आहे. खेळण्याइतकाच वेळ वाट पाहण्यात जातो.

या धाग्याचा विषय ही वाट पाहणेच आहे. खेळ येण्याआधी त्याची वार्ता येणे ही गोष्ट वऱ्हाडातील खेळाडूच्या आयुष्यात फार उशिरा घडली. त्यापूर्वी दीर्घकाळ येथे खेळ येत असत, वार्ता येत नसे.

मेडशी हे मालेगाव तालुक्यातील गाव. हे मालेगाव नाशिकचे नव्हे, वाशीमचे. अकोल्याहून पातूरमार्गे वाशीम-हिंगोलीकडे जाणारा रस्ता, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग १६१, या गावावरून जातो. वाशीम जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ चा. त्यापूर्वी हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. त्यामुळे कचेरी, घाऊक बाजार, मोठा दवाखाना आणि टीव्ही-टेपची दुकाने यांसाठी येथील माणसाचे तोंड अकोल्याकडे असे.

या मुलुखाचा माल कधीकाळी नावानिशी बाहेर जात होता. १७६९ मध्ये नागपूरकर भोसले आणि पेशवे यांच्यात कनकापूरचा तह झाला. त्यात भोसल्यांनी पेशव्यांना द्यावयाच्या जिनसांत वाशीम आणि बाळापूर येथील कापडाचा उल्लेख आहे. कापड कोठले, हे तहात नोंदवण्याइतके महत्त्वाचे होते. व्हिडीओ गेमचा प्रवास याच्या नेमका उलट झाला. तो बाहेरून आत आला आणि निनावी आला.

निन्टेंडो कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे घरगुती खेळयंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आणले. ‘डक हंट’ १९८४ चा, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा, ‘कॉन्ट्रा’ १९८७ चा. भारतात ही नावे मुलांच्या तोंडी रुळली ती १९९१ नंतरच्या दशकात, आणि बहुतेक घरांत त्यामागचे यंत्र निन्टेंडोचे नव्हतेच. तैवान आणि चीनमध्ये फॅमिकॉमच्या नकला तयार होत. मूळ यंत्रातील निरनिराळ्या चिपांचे काम पुढे एकाच चिपमध्ये बसवले गेले आणि त्या चिपवर काळ्या रोगणाचा एक थेंब टाकला की यंत्र तयार. किंमत कोसळली आणि यंत्र मध्यमवर्गीय बापाच्या आवाक्यात आले.

मराठी मुलांनी या यंत्राला ‘टीव्ही गेम’ म्हटले आणि त्यात खोचायच्या पेटीला ‘कॅसेट’. तिच्यात फीत नव्हती, तरी शब्द टिकला. टेपरेकॉर्डर घरात आधी आला होता आणि नव्या वस्तूला जुन्या वस्तूचे नाव देणे ही भाषेची जुनीच रीत आहे.

या कॅसेटवर ‘९९९ इन १’ असे छापलेले असे. चालू केल्यावर लांबलचक यादी दिसे. पहिले काही खेळ खरे, आणि पुढे तेच खेळ पुन्हा पुन्हा: कोठे दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे, कोठे वेग वाढवलेले, कोठे केवळ नाव बदललेले. अनेकदा सुरुवातीच्या पडद्यावरून मूळ कंपनीचे नाव आणि साल खोडून टाकलेले असे. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल. पुष्पिका गळालेल्या पोथीत मजकूर सारा शाबूत असतो, मात्र कर्ता कोण, काळ कोणता, नक्कल कोठे झाली, हे सांगणारे शेवटचे पान तेवढे नसते.

त्या गळालेल्या पानाचा परिणाम मोठा झाला. सोनीचे ‘प्लेस्टेशन’ जपानमध्ये डिसेंबर १९९४ मध्ये आले होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी अकोल्याच्या दुकानातून एखाद्या मुलाच्या घरी मारिओ आला असेल, तर तो बारा वर्षांचा जुना खेळ होता. मुलाला ते ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. त्याच्यासाठी खेळाला प्रकाशनाची तारीखच नव्हती. दुकानात दिसला तो नवा, शेजाऱ्याकडे आहे तो पुढचा. ‘आगामी’ या शब्दाला जागा व्हायची तर आधी दिनदर्शिका लागते, आणि ती कॅसेटसोबत आलेली नव्हती.

अधिकृत मार्ग अगदीच नव्हता असे नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यास मद्यउद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या शॉ वॉलेस कंपनीने सेगाची यंत्रे भारतात विकण्याचा प्रयत्न केला. परंतु आयात मालावरील करांचा बोजा आणि महागडी कॅसेट यांमुळे तो बाजार मोठ्या शहरांतील मोजक्या घरांपलीकडे फारसा गेला नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील गेमिंगचा पाया नकली मालाने घातला, हे कबूल करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चित्रपटगीतांच्या प्रसारात पायरेटेड कॅसेटने जे काम केले तेच येथे झाले.

वार्ता येत नसे, तरी माहिती मात्र फिरे. ‘कॉन्ट्रा’मध्ये सुरुवातीलाच ठरावीक क्रमाने कळा दाबल्या की तीनऐवजी तीस जीव मिळतात. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. दोघांनी खेळायचे असेल तर पुढे ‘सिलेक्ट’, आणि मग ‘स्टार्ट’. कोनामी कंपनीच्या एका प्रोग्रामरने आधीच्या एका खेळाची चाचणी सोपी व्हावी म्हणून हा क्रम घातला होता. अमेरिकेत तो मासिकांतून पसरला. मराठी मुलाकडे मासिक नव्हते, तरी क्रम पोहोचला. कोणाचा मामेभाऊ पुण्याला, कोणाचा आतेभाऊ नागपूरला, उन्हाळ्याच्या सुट्टीत भेट, आणि तोंडपाठ केलेला मंत्र. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाने याकडे हसून दुर्लक्ष करू नये. दहा-बारा घटकांचा क्रम हजारो मैल जवळजवळ बिनचूक गेला आहे.

तीस जीवही पुरत नसत, कारण यातील बहुसंख्य खेळांत प्रगती जपून ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली की पहिल्या टप्प्यापासून आरंभ. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसले. त्या काळातील खेळाडूची वाट पाहणे नव्या खेळासाठी नव्हते, विजेसाठी होते. महावितरणचे वेळापत्रक हीच त्याची दिनदर्शिका.

शहरांत आणि तालुक्यांच्या गावी व्हिडीओ गेमची पार्लरे होती. नाणे किंवा टोकन टाकून खेळायची उभी यंत्रे, बाहेर पडदा, आत काळोख. पालकांच्या मनात व्हिडीओ गेमची जी प्रतिमा बसली ती या काळोखाची. शासनदरबारी या धंद्याचा ठसा उमटला तो शिक्षण वा उद्योगाच्या दफ्तरात नव्हे, तर करमणूक कराच्या. १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमाच्या कक्षेत नाटक-सिनेमाबरोबर पुढे व्हिडीओ गेमही आले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याची ही कररचना मागे पडली. या विषयावर उद्या कोणी प्रबंध लिहायला घेतला, तर जिल्हाधिकारी कार्यालयातील करमणूक कर शाखेची जुनी दफ्तरे हे त्याचे पहिले दालन ठरावे.

संगणक मात्र वेगळ्याच वाटेने आला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ ची. त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने पुढील काही वर्षांत तालुक्या-तालुक्यांत संगणकाचे वर्ग उघडले. शासकीय नोकरीसाठी प्रमाणपत्र हवे, म्हणून घराघरांतून मुले-मुली तेथे पाठवली गेली. वडिलांनी फी भरली ती वर्ड आणि एक्सेलसाठी. प्रात्यक्षिकाच्या तासाला शिक्षकांची पाठ वळली की पडद्यावर पिनबॉल, सॉलिटेअर, ‘डेव्ह’ किंवा ‘रोडरॅश’ दिसे. महाराष्ट्राच्या ग्रामीण संगणक-साक्षरतेच्या अहवालांत हे कोठे नोंदलेले नसेल. परंतु माउस धरायला हात सरावला तो पत्त्यांचा खेळ मांडताना, हे त्या वर्गांत बसलेली पिढी जाणते. विंडोजमध्ये सॉलिटेअर घालण्याचा एक हेतू लोकांना माउस ओढण्याची सवय लावणे हाच होता, असे सांगितले जाते. वऱ्हाडात तो पुरेपूर साधला.

मेडशीसारख्या गावातील बहुतेकांसाठी पहिला डिजिटल खेळ मात्र टीव्हीवरचा नव्हता आणि संगणकावरचाही नव्हता. तो नोकियाच्या फोनमधील साप होता. नोकियाने हा खेळ १९९७ मध्ये आपल्या फोनमध्ये आणला. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० हा टॉर्च असलेला फोन शेतावर रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या खिशात गेला, आणि त्याबरोबर सापही. त्यानंतर रंगीत पडद्याचे फोन आले आणि मेमरी कार्ड भरून देणारी मोबाईलची दुकाने आली. कार्ड द्यावे, दुकानदाराने आपल्या संगणकातून गाणी, चित्रफिती आणि जावा गेम त्यात ओतून द्यावेत, आणि घरी येऊन काय काय मिळाले ते पाहावे. येथेही निवड दुकानदाराची. मुंबईत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियागेम्स’सारख्या कंपन्या या काळात मोबाईलसाठी खेळ तयार करीत होत्या. पण कार्ड भरून घेणाऱ्याला त्या कंपनीचे नाव माहीत होण्याचा प्रश्नच नव्हता. पोथीचे शेवटचे पान अजूनही गळालेलेच होते.

ते पान प्रथम दिसले शहरांत, आणि इंग्रजीत. ‘डिजिट’ हे संगणकविषयक मासिक आणि त्याच घरातून निघालेले ‘स्कोर’ हे गेमिंगचे मासिक यांतून येऊ घातलेल्या खेळांची वर्णने येत. सोबतच्या सीडीवर खेळाचा पहिला तुकडा, म्हणजे ‘डेमो’, मिळे. अकोला-अमरावतीच्या महाविद्यालयांत, पुण्याच्या वसतिगृहांत शिकायला गेलेल्या वऱ्हाडी मुलांनी तो पाहिला. सुट्टीत गावी येताना त्यांच्या बॅगेत सीडी होत्या आणि त्यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बातमी होती: पुढचा भाग येणार आहे. ‘आगामी’ हा शब्द मेडशीच्या रस्त्याला लागला तो बहुधा असा, एसटीने.

याच काळातील एक खेळ म्हणजे ‘जीटीए वाइस सिटी’. मूळ प्रकाशन ऑक्टोबर २००२, संगणकावर २००३. १९८६ सालचे, मायामीच्या धर्तीवरचे एक काल्पनिक शहर, त्यात मोटारसायकलवरून हवे तेथे हिंडायचे. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून किंवा नकली सीडीवर एका संपूर्ण भारतीय पिढीने हे शहर पालथे घातले. अनेकांनी त्यातील कथा कधी पूर्ण केलीच नाही, नुसता समुद्रकिनारा आणि रेडिओ. २०२३ च्या त्या पहाटेच्या झलकेत दिसणारे शहरही वाइस सिटीच होते. पंचविशीतल्या प्रेक्षकासाठी तो आगामी खेळ असेल, पस्तिशीतल्यासाठी ते परत जाणे होते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये ‘पबजी मोबाईल’ जगभर उपलब्ध झाला. त्याच सुमारास आलेला ‘फ्री फायर’ कमी रॅमच्या स्वस्त फोनवरही चाले, म्हणून गावांत त्याचा पसारा विशेष झाला. बारा वर्षांचे अंतर एकाएकी शून्यावर आले. सोलमध्ये, साओ पावलोमध्ये आणि मेडशीत नवा ‘सीझन’ एकाच सुमारास सुरू होऊ लागला. कॅसेटच्या काळात खेळ एकदा येई आणि तसाच राही. आता खेळ सतत येत राहू लागला: नवा नकाशा, नवी बंदूक, नवा पोशाख, पुढच्या आठवड्यात काय. खेळाला दिनदर्शिका मिळाली.

आणखी एक गोष्ट घडली, जिची दखल भाषेच्या अभ्यासकांनी घ्यायला हवी. या खेळांत मराठी लिहिलेली नव्हती, ती बोलली गेली. चौघांचा संघ, कानात हेडफोन, आणि संभाषण असे: ‘मांगून येऊन राह्यला थो, झोनमंदी ये लवकर.’ मूळ कोरियन खेळातील रशियन धाटणीच्या बेटावर अस्सल वऱ्हाडी ऐकू येऊ लागली.

या सुखाला अटी होत्या. मार्च २०१९ मध्ये गुजरातेत राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदीचा आदेश काढला आणि तो मोडल्याबद्दल काही तरुणांना अटकही झाली. त्याच वर्षी एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने या खेळाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. या दोन्हींमागे मुलांवर होणाऱ्या परिणामाची काळजी होती. परंतु २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने जी बंदी घातली तिचे कारण सर्वस्वी वेगळे होते. गलवानच्या संघर्षानंतर, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ अन्वये, देशाच्या सुरक्षिततेच्या मुद्द्यावर ११८ अॅप बंद झाले आणि त्यांत पबजी मोबाईल होता. गावोगावच्या चर्चेत ही दोन कारणे एकमेकांत मिसळली. ‘पोरं बिघडत होती म्हणून सरकारनं बंद केला’ ही समजूत आजही ऐकू येते. ती चुकीची आहे.

३० ऑक्टोबर २०२० रोजी भारतासाठी पबजी मोबाईलचे सर्व्हर थांबले. त्यानंतर जे घडले त्याला प्रतीक्षेचा उलटा इतिहास म्हणता येईल. खेळाडू आता पुढच्या खेळाची नव्हे, गेलेल्या खेळाची वाट पाहू लागला. २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने भारतासाठी परतला. २८ जुलै २०२२ रोजी तो अॅप स्टोअरवरून पुन्हा नाहीसा झाला. मे २०२३ मध्ये पुन्हा आला. मधल्या काळात १४ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्री फायरवर बंदी आली. त्याच्या भारतीय आवृत्तीसाठी ५ सप्टेंबर २०२३ ही तारीख वाजतगाजत जाहीर झाली, महेंद्रसिंग धोनीचे नाव जोडले गेले, आणि ऐन तोंडावर प्रकाशन पुढे ढकलण्यात आले. कॅसेटच्या काळात तारीख नव्हती. आता तारीख होती, पण ती पाळणे ना खेळाडूच्या हाती होते, ना नेहमी कंपनीच्या.

या गोंधळात तिसरी एक गोष्ट मिसळली: पैशांचे खेळ. रमी, पोकर, पैजेचे काल्पनिक संघ. फोन तोच, जाहिराती त्याच पडद्यावर, आणि मराठीत शब्दही एकच, ‘गेम’. त्यात मराठीने या शब्दाला आपला एक अर्थ आधीच देऊन ठेवला होता: एखाद्याचा ‘गेम करणे’. वर्तमानपत्रांत ‘गेमच्या नादी लागून कर्जबाजारी’ असा मथळा आला की मारिओपासून रमीपर्यंत सारेच एका पिंजऱ्यात उभे राहत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती. इतक्या घाईत चर्चेला वाव किती राहिला, हा प्रश्न उरतोच. तरीही एक उपकार या कायद्याने केला. ई-स्पोर्ट, करमणुकीचे खेळ आणि पैशांचे खेळ हे तीन वेगळे प्रकार मानून त्याने केवळ तिसऱ्यावर बंदी घातली. जे अंतर घरातील वडीलधाऱ्यांना पटवून देता देता खेळाडू थकले होते, ते राजपत्रात छापले गेले.

दरम्यान आगामी खेळांच्या यादीत प्रथमच जवळची नावे दिसू लागली होती. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये आणला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. मात्र २०१७ मध्ये याच खेळासाठी ‘किकस्टार्टर’वर मागितलेला लोकनिधी पुरेसा जमला नव्हता. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ने ‘इंडस’ हा युद्धखेळ २०२२ मध्ये जाहीर केला. एक कोटीहून अधिक पूर्वनोंदण्या झाल्याचे कंपनीने सांगितले. प्रत्यक्ष खेळ १६ ऑक्टोबर २०२४ रोजी आला आणि त्याचे स्वागत संमिश्र झाले. मुंबईच्या ‘अंडरडॉग्स’ स्टुडिओचा ‘मुक्ती’ हा खेळ सोनीने भारतीय निर्मात्यांसाठी चालवलेल्या उपक्रमात निवडला गेला. त्याचे कथानक एका संग्रहालयात घडते आणि विषय मानवी तस्करीचा आहे.

पूर्वनोंदणी फुकट असते आणि लोकनिधीला पैसे पडतात, एवढा फरक लक्षात घेतला की या दोन आकड्यांतील दरी समजते. ज्या समाजाने पहिली तीस वर्षे खेळ नकली कॅसेट, नकली सीडी आणि भरून घेतलेल्या मेमरी कार्डातून मिळवला, त्याच्या दृष्टीने खेळाची किंमत म्हणजे यंत्राची किंमत. खेळ स्वतः कोणीतरी, कोठेतरी, पगार घेऊन बनवलेला असतो, ही जाणीव गळालेल्या पानाबरोबरच गळाली होती. पुण्यातील निर्मात्याला आज जी अडचण येते तिचे मूळ १९९६ च्या ‘९९९ इन १’मध्ये शोधणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

आणि आगामी खेळात कोणता भूतकाळ येणार, हा प्रश्न उरतोच. परदेशी निर्मात्यांनी मराठ्यांना आधीच खेळात घेतले आहे. मार्च २००९ मध्ये आलेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठा राज्यमंडळ हा खेळाडूला निवडता येणारा पक्ष आहे आणि खेळ १७०० साली सुरू होतो. १७०० साल म्हणजे कोणते? २ मार्च रोजी राजाराम महाराजांचा सिंहगडावर मृत्यू झाला. एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाच्या हाती गेला. पुढची सारी धुरा ताराबाईंवर आली. मराठ्यांचे राज्य कागदावर शोधावे लागेल असे ते वर्ष. खेळात मात्र मराठे सुरुवातीपासून सुस्थित असतात, आणि संगणकाच्या हाती सोपवले तर अनेकदा सगळा हिंदुस्थान गिळून इराणच्या दिशेने सरकतात. जगभरच्या खेळाडूंत हा विनोदाचा विषय झाला. मराठी खेळाडूला त्यातून अभिमान वाटतो, हे स्वाभाविक आहे. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या होत्याच. परंतु १७०० चा खरा खेळ सुस्थितीचा नव्हता. खजिना नाही, राजधानी नाही, राजा अल्पवयीन, आणि तरीही फौज फिरती ठेवायची. असा आरंभ देणारा खेळ कोणी बनवला तर तो अधिक कठीण असेल आणि अधिक खरा.

वऱ्हाडाच्या वाट्याला तर एवढेही आलेले नाही. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. त्याच शाखेतील हरिषेणाच्या काळात अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचे मोठे काम झाले. दगड, रंग, दानशूर मंत्री, आणि राजाच्या मृत्यूनंतर अर्धवट राहिलेली लेणी. बांधणीच्या खेळासाठी याहून चांगले कथानक मिळणे अवघड. २०१७ च्या ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ने पश्चिम घाट आणि होयसळ शिल्प जगभरच्या पडद्यांवर नेले. ते कॅलिफोर्नियातील स्टुडिओचे काम होते.

शेवटी साधनांचा प्रश्न. १९९०च्या दशकातील कॅसेट आज कोणाच्या माळ्यावर सापडली, तर तिचे पितळी दात पुसून ती बहुधा अजूनही चालेल. तो खेळ कोणी विकत घेतला होता आणि तो त्याचाच राहिला. पबजीची ऑक्टोबर २०२० पूर्वीची भारतातील आवृत्ती मात्र आज कोणालाही खेळता येत नाही. फोन शाबूत असला, फाइल शाबूत असली तरी नाही, कारण पलीकडे सर्व्हर नाही. त्या अडीच वर्षांत रात्री बाराला जमणारे संघ, त्यांची टोपणनावे, त्यांच्यातील भांडणे, यांपैकी उरले आहे ते कोणी केलेल्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये आणि फोनच्या गॅलरीतील ‘चिकन डिनर’च्या स्क्रीनशॉटमध्ये. मोबाईलच्या दुकानांतले जुने संगणक, ज्यांतून मेमरी कार्डे भरली जात, ते भंगारात जात आहेत. त्यांच्या हार्ड डिस्कवर ‘गेम्स’ नावाचा फोल्डर असतो. २०१० च्या सुमारास एखाद्या तालुक्याला कोणते खेळ पोहोचले होते, याची दुसरी यादी कोठेही नाही. ज्यांच्या ओळखीत असा दुकानदार असेल त्यांनी संगणक विकला जाण्यापूर्वी त्या फोल्डरचा एक फोटो तरी काढून ठेवावा, तारखेसह.